सर्वात कमी बिलाचं घर

लोकांच्या घरी जाऊन त्यांची लाईटबिलं मागायची, हे माझं काम. वसुलीवाले वेगळे. मी फक्त बघणारी. पण दारात उभं राहून "ताई, वर्षभराची बिलं ठेवलीयत का?" असं विचारलं की दार आधी अर्धं बंद होतं. मग सांगावं लागतं की मी वीज कंपनीची माणूस नाही, मीटर कापायला आलेली नाही, आयटीआय झालेली वायरमन आहे. बाई वायरमन असते हे पटायला आणखी दोन मिनिटं जातात. तेवढ्यात मी चपला काढून आत गेलेली असते.

मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात मी पंचवीस वर्षं स्विचबोर्ड जोडले. कारखाना भिवंडीकडे गेला, मी गेले नाही. तेव्हा एका संस्थेला अशी बाई हवी होती जिला वायरिंगही कळतं आणि जिला भरदुपारी दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात जाता येतं. संस्थेचं काम पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये चालतं. नाल्याकाठच्या, रस्त्याकडेच्या झोपड्या हलवून लोकांना जिथे घरं दिली, त्या सात-सात मजली इमारती. घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि आत संडास-मोरी. पक्कं घर मिळालं याचा आनंद खरा असतो. पण खालच्या मजल्यांवर दिवसा लाईट लावल्याशिवाय तांदळातले खडे दिसत नाहीत आणि वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात भिंतीला पाठ टेकवत नाही. झोपडीत बिल कमी यायचं, इथे जास्त येतं. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचं बिल त्यात आणखी.

इमारत पाडायची नाही, माणसं हलवायची नाहीत, आहे त्याच घरात उष्णता आणि बिल कमी करायचं, असं आमचं काम. ऐकायला सोपं आहे. गच्चीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी आपण जेवायला बसलो की ते आत सोडायला लागतो. म्हणून गच्ची पांढरी करायची. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढायचा. जुने, तापणारे पंखे बदलायचे. फ्रीज गॅसच्या शेगडीला चिकटून असेल तर हलवायचा. फ्रीजच्या दारात वर्तमानपत्राचा तुकडा धरून दार लावायचं. कागद सहज ओढून निघाला तर दाराचं रबर गेलं, मशीन दिवसभर गल्लीला गार करतंय. यातलं काहीच मोठं इंजिनिअरिंग नाही. अवघड आहेत ती माणसं, आणि त्यात मीही आले.

नाहूरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जाधव म्हणून निवृत्त स्टोअरकीपर राहायचे. रोज सकाळी खाली मीटररूममध्ये जाऊन आपल्या मीटरचा आकडा वहीत लिहायचे. जिन्यातला दिवा आपल्या मीटरवर चालतो, असा त्यांचा संशय होता. अख्खी इमारत त्यांना हसायची. मी त्यांच्या घरचा मेन स्विच पाडला. बाहेर जिन्यात अंधार झाला. जाधवांनी आतून बायकोला बोलावलं, तिला जिना दाखवला आणि शांतपणे म्हणाले, "बघ. अकरा वर्षं मी वेडा होतो."

असे दिवस आले की मला माझ्या कामाचा अभिमान वाटायचा. त्याच इमारतीत, त्याच आठवड्यात मी जी चूक केली ती मात्र जाधवांच्या मजल्याच्या चार मजले वर होती.

तेव्हा मार्च चालू होता. माझ्याबरोबर केतकी होती. ती संस्थेची इंजिनिअर, माझ्या मुलीच्या वयाची, हुशार आणि कामाला वाघ. पद्धत अशी होती की केतकी बिलांवरून आकडे मांडायची आणि मी घर तपासून फॉर्मवर खुणा करायची. पंखे किती, दिवे किती, वायरिंग ठीक आहे का, अर्थिंग आहे का. सातव्या मजल्यावर पोचलो तेव्हा जिन्याच्या शेवटच्या वळणावर एक म्हातारी बाई पायरीवर बसली होती. मांडीवर सूप, सुपात लसूण.

केतकीने विचारलं, "आजी, इथे का बसलात?"

"हय वारो येता," ती म्हणाली. "घरात जीव रवणा नाय दुपारचो."

या परबमावशी. मूळच्या कुडाळकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद झाल्यावर वॉचमनकी केली आणि या इमारतीत आल्यावर दोन वर्षांनी गेला. मुलगी लग्न होऊन जोगेश्वरीला. मावशी एकट्या राहायच्या. शेजारची रेखा त्यांच्यावर लक्ष ठेवायची. ती घरीच ब्लाउज शिवायची, त्यामुळे दिवसभर असायची.

मावशींनी बिलं काढून दिली. नीट घड्या घालून, वर्षाची वर्षाला दोऱ्याने बांधलेली. केतकीने आकडे बघितले आणि तिचा चेहरा खुलला. "ताई, हे बघा. पूर्ण इमारतीत सगळ्यात कमी युनिट."

मी दारातून आत नजर टाकली. एक दिवा चालू. टीव्हीवर कापड घातलेलं. फ्रीज नाही. छताला पंखा होता, पात्यांवर धूळ.

"पंखा लावत नाही का मावशी?" मी विचारलं.

"नको माका पंखो. बटण चावता."

मी ते ऐकलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मला कोणी विचारलं असतं तर ऐकलं नव्हतं असं सांगता आलं असतं. मी ऐकलं आणि मला वाटलं, बटण घट्ट झालं असेल, म्हातारीच्या बोटाला लागत असेल. पाचव्या, सहाव्या मजल्यांवरची अकरा घरं करून आम्ही आलो होतो. पाय दुखत होते. मी वायरिंगसमोर टिक केली, अर्थिंगसमोर टिक केली. बोर्डाला हातही लावला नाही. केतकीने तिच्या रकान्यात लिहिलं: कार्यक्षम घर, कामाची गरज नाही. मावशींनी आम्हाला कोकम सरबत दिलं. आम्ही प्यायलो आणि पुढच्या दारावर गेलो.

त्यानंतर आम्ही इमारतीच्या कमिटीसमोर बोललो. वीज कुठे वाया जाते ते मी सांगितलं. जिन्यातले दिवे, टाकी भरून वाहेपर्यंत चालणारा पंप. सेक्रेटरी गायकवाड रिक्षा चालवायचे, सरळ माणूस. त्यांनी सगळं लिहून घेतलं. आठवड्याने भेटले तेव्हा म्हणाले, "ताई, तुमचं ऐकून आपण अजून एक केलं. दुपारी एक ते चार लिफ्ट बंद. तेव्हा कोण असतंय घरी?"

मी म्हणाले, "चांगलं आहे."

मे महिन्यात एका दुपारी मी दुसऱ्या मजल्यावर शिडीवर चढून जिन्याचा दिवा बदलत होते. तीनचा सुमार असेल. वरून रेखाची हाक आली. ओरडण्यासारखी नव्हती, पण ती सारखी हाक मारत होती. मी शिडी तशीच सोडून वर गेले.

परबमावशी स्वयंपाकघरात ओट्याखाली पडल्या होत्या. त्या दिवशी जिन्याच्या वळणावर कोणाचंतरी जुनं कपाट ठेवलेलं होतं, बसायला जागा नव्हती, म्हणून घरात थांबल्या होत्या. अंग तापलेलं, कोरडं, घामाचा थेंब नाही. डोळे उघडे होते आणि त्या नवऱ्याशी बोलत होत्या, डबा भरला आहे, घेऊन जा म्हणून सांगत होत्या.

"मी लसणीची चटणी द्यायला आले," रेखा म्हणाली, "तर या अशा. उठतच नाहीयेत ना ताई."

मी आधी पंख्याच्या बटणाकडे हात नेला. तेवढ्यात मावशी एकदम स्पष्ट बोलल्या, "हात लावू नको गो." माझा हात थांबला. आम्ही चादर भिजवून त्यांच्या अंगावर घातली, मानेला, काखेत ओली फडकी लावली. मग खाली न्यायचं म्हटलं तर लिफ्ट बंद. चावी गायकवाडांकडे आणि ते रिक्षा घेऊन घाटकोपरला. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन भावांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, ओढणीने बांधलं आणि सात मजले उतरवलं. मी पुढे उलटी चालत त्यांचे पाय धरून होते. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती.

पालिकेच्या रुग्णालयात डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, असंही म्हणाले. जवळजवळ तेवढाच वेळ जिन्यात गेला होता.

संध्याकाळी मुलगी संगीता जोगेश्वरीहून आली. तिने रेखाकडून सगळं ऐकलं होतं. माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"तुम्ही घर तपासून गेला होतात ना? आई फोनवर बोलली होती. दोन बायका आलेल्या, चांगल्या होत्या म्हणाली."

हो म्हणणं सोपं होतं. फॉर्मवर टिक होतीच.

"तपासलं नव्हतं," मी म्हणाले. "टिक केली होती."

ती म्हणाली, "आता तरी बघा," आणि आत आईकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी सातव्या मजल्यावर गेले. रेखाने किल्ली दिली. पंख्याच्या बोर्डाच्या झाकणावर दोन पितळी स्क्रू होते. त्यातल्या एकाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मार्चमध्ये हेच केलं असतं तर अर्धं मिनिट लागलं असतं.

झाकण काढलं तर आतली लोखंडी पेटी गंजलेली, तळाला पाणी. गच्चीवर पाणी साचायचं, ते स्लॅबमधून वायरच्या नळीत उतरायचं आणि नळीतून बोर्डात. ओलीतून वीज पेटीत येत होती, पेटीतून स्क्रूमध्ये. अर्थिंगची वायर नीट असती तर ती वीज जमिनीत गेली असती. ती वायर पेटीपर्यंत पोचलीच नव्हती, बांधतानाच कोणीतरी वीतभर आधी कापून सोडली होती. मावशी पंखा लावायला जायच्या, बोट स्क्रूला लागायचं आणि झटका बसायचा. किती वर्षं, ते पुढे त्यांनीच सांगितलं. नवरा गेला त्या वर्षापासून. त्यांनी दोघातिघांना सांगितलं होतं. एकाने बटण बदलून दिलं. दुसऱ्याने, एकटं राहिलं की असं वाटतं, म्हणून समजूत घातली. मग त्यांनी सांगणं सोडलं आणि पायरीवर बसायला लागल्या.

इमारतीतलं सगळ्यात कमी बिल असं तयार झालं होतं.

त्याच ओळीतली बाकीची घरं मी त्या आठवड्यात एकेक करून तपासली, प्रत्येक बोर्डाचा प्रत्येक स्क्रू. आणखी दोन घरांत टेस्टर पेटला. त्यातल्या एका घरात बोर्डाखाली तान्ह्या मुलाचा पाळणा होता. पाळणा तिथून हलवायला सांगून मी बाहेर आले आणि जिन्यात थोडा वेळ बसले.

वायरिंग आम्ही दुरुस्त केलं. नव्या वायरी भिंतीवरून पट्टीत नेल्या, अर्थिंग खालपर्यंत जोडलं, प्रत्येक घरात गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवला. पण गच्ची तशीच ठेवली असती तर सगळं पुन्हा ओलं झालं असतं. गच्ची सगळ्यांची, म्हणून सगळ्यांची संमती हवी. गायकवाडांनी मीटिंग बोलावली.

खालच्या मजल्यावरचे लोक तयार नव्हते आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं. पहिल्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, "आमच्याकडे दिवसा लाईट लावल्याशिवाय भाकरी दिसत नाही. गच्ची पांढरी करून आमचं काय होणार? आणि काम चालू असेपर्यंत गच्ची बंद. पापड कुठे वाळवायचे, गाद्या कुठे टाकायच्या?"

मी उत्तर द्यायला उठले, पण जाधव आधीच उभे होते. हातात त्यांची ती वही.

"खुर्ची सात मजले उतरली," ते म्हणाले. "प्रत्येक मजल्यावरून गेली. कोणी बघितली नाही असं म्हणू नका." आणि बसले.

मग गायकवाड म्हणाले, "लिफ्ट मी बंद केलेली. बचत होते म्हणून. ती आजपासून दिवसभर चालू."

"सल्ला आमचा होता," मी म्हणाले. "लिफ्ट बंद करा असं बोलले नव्हते, पण केल्यावर चांगलं आहे म्हणाले. ते माझ्याही नावावर लिहा."

केतकीने खालच्या मजल्यांसाठीही काम मांडलं. दोन इमारतींमधल्या अंधाऱ्या बोळाची भिंत पांढरी करायची म्हणजे उजेड आत येईल, आणि जिन्यात माणूस आल्यावरच लागणारे दिवे. संमती झाली. पावसाळ्याच्या आत गच्चीचा उतार नीट केला आणि त्यावर पांढऱ्या लाद्यांचे तुकडे बसवले. आपल्याकडचे गवंडी त्याला चायना मोझॅक म्हणतात. पाणीही अडतं आणि ऊनही परततं. त्या पांढऱ्याने समोरच्या इमारतीतल्या एका बाईचे डोळे दिपायला लागले, तिने येऊन आम्हाला चार शब्द सुनावले. तिच्या खिडकीला पडदा लावून द्यावा लागला. सगळ्यांना पुरेल असं काम मला अजून जमलेलं नाही.

परबमावशी चार दिवसांनी रुग्णालयातून सुटल्या, महिनाभर मुलीकडे राहिल्या आणि परत आल्या. मी नवा पंखा बसवून ठेवला होता. कमी वीज खाणारा, जवळजवळ आवाज नसलेला. मी बटण लावलं, बंद केलं, स्क्रूवर माझं बोट ठेवून दाखवलं.

"मिया तुका सांगललंय," मावशी म्हणाल्या. "तू आयकलंस नाय."

"हो मावशी. चुकलं माझं."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. चालतं गं, असू दे, असं काही म्हणाल्या नाहीत. मला तेच बरं वाटलं. बटणाला मात्र त्या दिवशी त्यांनी हात लावला नाही. रेखा रोज येऊन पंखा लावायची. पंधरा दिवसांनी रेखाचा फोन आला, "ताई, आज त्यांनी स्वतः लावला. पण हाताला पदर गुंडाळून."

वर्ष झालं आणि हिशेबाची वेळ आली. संस्थेला ज्यांच्याकडून मदत मिळते त्यांना एकच गोष्ट बघायची असते, कामाआधी किती युनिट आणि कामानंतर किती. बाकीच्या घरांचे आकडे खाली आले होते. परबमावशींचे दुपटीवर गेले होते.

केतकीचा फोन आला. आवाज पडलेला. "ताई, एक प्रॉब्लेम आहे. ऑफिसमधून सांगतायत, परबमावशींचं घर यादीतून काढ. सरासरी बिघडते. ते म्हणतात, काम करूनही तिथे वीज वाढली, म्हणजे तिथे आपण फेल गेलो."

"तुला काय वाटतं?"

"मीच लिहिलं होतं ना, कार्यक्षम घर म्हणून."

"आणि टिक मी केली होती. घर राहू दे यादीत. खाली लिही, या बाई आता पंखा लावतात."

"एवढंच?"

"आधी का लावत नव्हत्या तेही लिही. माझ्या नावासकट."

तिने लिहिलं. त्यावरून ऑफिसात दोन बैठका झाल्या असं नंतर कळलं. मला एकदा बोलावलं आणि तपासणीत हलगर्जी केल्याबद्दल लेखी समज दिली. ती योग्य होती, मी सही केली. पण त्या घराची ओळ अहवालात राहिली आणि आमचा फॉर्म बदलला. आता प्रत्येक इमारतीत सगळ्यात कमी बिलाच्या घरी आम्ही आधी जातो. पंखा किती तास लावता, आणि लावत नसाल तर का, हा प्रश्न छापलेला आहे. उत्तरं विचित्र येतात. एका घरात सुनेला सासूची परवानगी नव्हती. एका घरात पंखा सुरू केला की छताचे पोपडे ताटात पडायचे. जोगेश्वरीच्या एका माणसाने पंखा विकून मुलीची शाळेची पुस्तकं घेतली होती. बिल बघून यातलं काहीही कळलं नसतं.

मी वायरमन म्हणून चांगली होते आणि आहे. बंद डोळ्यांनी बोर्ड जोडू शकते. पण माणूस सांगतो ते शब्दशः खरं असू शकतं, हे शिकायला मला पंचावन्नी ओलांडावी लागली, आणि त्याची किंमत दुसऱ्याच बाईने जवळजवळ भरली होती.

गेल्या मे महिन्यात वार्षिक पाहणीसाठी मी नाहूरला गेले होते. दुपारचे अडीच वाजले असतील. सातव्या मजल्यावर परबमावशींचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी हळूच ढकललं. मावशी चटईवर एका कुशीवर झोपल्या होत्या, हात उशीखाली, तोंड थोडं उघडं. पंख्याचा आवाज येत नव्हता, पण कपाळावरचे पांढरे केस हलत होते.

रेखा मशीनवरून उठून माझ्यामागे आली. "उठवू का ताई? तुम्हाला फॉर्म भरायचा असेल ना."

"नको," मी म्हणाले. "झोपू दे. मी उद्या येते."